उतरायचा नंबर

प्रिय धाकट्या,

तुझं मागचं पत्र पोचलं. चार ओळींत तीन वेळा 'इकडे सर्व ठीक' लिहिलंयस, त्यामुळे ठीक नाही हे ओघानंच आलं. लोकरीचे मोजे वेगळ्या पार्सलनं पाठवलेत. या वेळी मी विणलेले नाहीत, विकतचे आहेत, तेव्हा दोन्ही एकाच मापाचे निघतील, घाबरू नकोस. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण तुमच्या सरहद्दीवरच्या चौकीतला फोन म्हणजे तुझ्यामागे रांगेत सहा जण कान टवकारून उभे. शिवाय मी जरा अडचणीचं काही काढलं की नेमकं तुला ऐकू येईनासं होतं. लहानपणापासून तुझे कान असेच सोयीचे आहेत. म्हणून लिहायला बसलेय. आज मला सुट्टी आहे, खारू शाळेच्या सहलीला गेलीय, घरात चिटपाखरू नाही. कामाचं बोलायला अशी दुपार पुन्हा कधी मिळायची!

तुझी लेक बरी आहे. पुढचे दात आले, पण एकमेकांशी भांडण झाल्यासारखे तोंडं फिरवून आलेत. अजूनही आवडीचा घास गालात साठवून ठेवते, त्यामुळे खारू हे नाव तिला जन्मभर चिकटणार असं दिसतंय. मागच्या आठवड्यात मी दवाखान्यातून प्लास्टरच्या पट्टीचा उरलेला तुकडा आणला होता. मी आंघोळ करून येईपर्यंत बाईसाहेबांनी स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या खुर्चीचा पाय प्लास्टरमध्ये घातला. पट्टी ओली किती करायची, वेढे कुठून सुरू करायचे, सगळं बरोबर. मला म्हणाली, आत्या, आता हिच्यावर महिनाभर कोणी बसायचं नाही. अठरा वर्षं मी हाडं जुळवते आहे, पण इतकं नीटनेटकं पहिलं प्लास्टर काही मला जमलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही ती खुर्ची सोडून दुसऱ्या दोन खुर्च्यांवर जेवतो.

घराची काळजी करू नकोस. घरमालक आता जिन्यात भेटला की स्वतःहून बाजूला होतो. तू पहिल्यांदा वर चौकीवर गेलास तेव्हा या माणसानं मला काय काय ऐकवलं होतं ते मी तुला कधी लिहिलं नाही. जावयाला जागा हवी म्हणून आठ दिवसांत घर रिकामं करा, म्हणाला. रोज सकाळी दारावर चिठ्ठी. एकदा तर आमचा पाण्याचा नळच बंद करून गेला. मी रडकुंडीला येऊन वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसल्याच. म्हणाल्या, माणूस चौकीवर ड्यूटीला असताना त्याच्या घरच्यांना न्यायालयाला विचारल्याशिवाय घराबाहेर काढता येत नाही, तसा कायदाच आहे. तो समोर नसताना त्याच्या विरुद्ध कुणाला निकालही मिळवता येत नाही. जो माणूस स्वतः येऊन बोलू शकत नाही, त्याला कुणी पाठीमागून लुबाडू नये, एवढीच त्यामागची गोष्ट. त्यांनी एक नोटीस पाठवली आणि आमचे सिंहासारखे घरमालक शेपूट घालून खाली गेले. मी त्या दिवशी कायदा करणाऱ्यांना मनातल्या मनात हात जोडले. जगात कुणीतरी बसून आपल्यासारख्यांचा एवढा विचार केलाय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मग त्याच कायद्यानं खारूची केस थांबली. तिच्या आईनं अर्ज केला, मुलीचा ताबा मला द्या म्हणून. ताबा हा शब्द मला अजून घशाखाली उतरत नाही, पोर म्हणजे काय गोदाम आहे? पण न्यायालयात तोच शब्द चालतो. पहिल्या तारखेला मी तुझ्या युनिटचा दाखला घेऊन उभी राहिले. वकीलबाई म्हणाल्या, मुलीचे वडील चौकीवर आहेत, येऊ शकत नाहीत. न्यायाधीशांनी दाखला वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जो माणूस आपल्या सगळ्यांसाठी तिकडे उभा आहे, त्याच्या पाठीमागे मी इथे त्याच्या मुलीचा निकाल देणार नाही." अंगावर काटा आला माझ्या. तू खाली येईपर्यंत केस तहकूब, मुलगी आहे तिथेच राहील, एक शनिवार सोडून एक शनिवार आईनं तिला न्यायालयाच्या भेटीच्या खोलीत भेटावं, असं ठरलं. आणि खरं सांगू, त्या दिवशी खारूच्या आईनंही मान डोलावली होती. बाहेर जिन्यापाशी मला गाठून तिनं हळूच विचारलं, तिकडे फार थंडी असेल ना. मी तोंड वाकडं करून निघून आले. मला वाटलं नाटक करतेय.

तू तिच्याबद्दल बोलताना नेहमी 'टाकून गेली' म्हणतोस. मीही चारचौघांत तेच म्हणत आले, कारण तू माझा भाऊ आहेस आणि दुसरं काय म्हणणार. पण पोर तिनं आणून दिली ती माझ्या हातात, तेव्हा तू नव्हतास, मी होते. तुझं तिचं फोनवर जे काही फाटलं ते तुम्हा दोघांनाच ठाऊक. तुझ्या घरात आता राहणार नाही म्हणाली आणि बहिणीकडे गेली, तर तिथे जमिनीवर अंथरूण टाकायलाही जागा नव्हती. एक पिशवी घेऊन आली, कपडे इस्त्री करून, घड्या घालून. मला सांगत होती, ही भिंतीकडे तोंड करून झोपत नाही, दूध फार गरम चालत नाही, ताप आला की पाय चोळावे लागतात. चार-सहा महिने सांभाळा ताई, घर बघते आणि नेते. टाकून जाणारी बाई पाय चोळायचं सांगत बसत नाही रे. चार-सहा महिन्यांत तिनं घर बघितलं. बस चालवायला शिकली, परीक्षा दिली, शहर वाहतुकीत लागली. आता तिच्याकडे दोन खोल्या आहेत आणि दिवसपाळीची गाडी आहे. भेटीच्या शनिवारी ती गाडी डेपोला लावून तशीच वर्दीवर येते. खारू मला म्हणाली, आईची वर्दी बाबाच्या वर्दीपेक्षा चांगली, कारण आईची दिसते तरी. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या तारखेच्या आधी तुझी मुदत संपायची होती. तू लिहिलंस, मुदत वाढली, वरून हुकूम आहे. मी दाखला घेऊन गेले, केस तहकूब. तिसऱ्या वेळी पुन्हा तेच. आता मला त्या इमारतीतलं सगळं पाठ झालंय. कुठल्या बाकाचा खिळा साडीला लागतो, पुकारा करणारा शिपाई नाव उच्चारताना कुठे अडखळतो, कुठल्या खिडकीपाशी ऊन येतं. तिसऱ्या तारखेला वकीलबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत खारूची आई उठून उभी राहिली. तिचा वकील तिला खाली ओढत होता. ती म्हणाली, "साहेब, ते उभे आहेत तिकडे, त्यांना उभं राहू दे, मी काही म्हणत नाही. पण माझी मुलगी थांबलेली नाही. ती वाढतेय." न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि पुढची तारीख दिली. कायद्यापुढे तेही काय करणार? वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, झालं, आपल्या मनासारखं झालं. मी त्यांच्याशी हात मिळवला आणि दुपारच्या पाळीला दवाखान्यात गेले.

त्या दुपारी एक आजोबा आले होते, मनगट मोडलेले. त्यांना प्लास्टर काढायला बोलावलं होतं त्या तारखेला ते आलेच नव्हते, कितीतरी दिवसांनी आता उगवले होते. प्लास्टर आहे तोवर हात सुरक्षित आहे, काढलं आणि पुन्हा मोडला तर काय, अशी त्यांना धास्ती. मी कापून काढलं तर आतला हात वाळून काटकी झालेला, बोटं वळेनात. हाड मात्र छान जुळलं होतं. मी त्यांच्यावर इतकी ओरडले की सिस्टर धावत आल्या. मला स्वतःलाच कळेना, एवढं ओरडण्यासारखं काय होतं त्यात.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुझा तो मिशीवाला दोस्त महिन्यापूर्वी घरी येऊन गेला. तू त्याच्याबरोबर खारूसाठी लाकडी घोडा पाठवला होतास तो द्यायला. चहा घेतला, खारूला मिशी ओढू दिली आणि जाता जाता माझ्या पायाला हात लावायला वाकला. मी म्हटलं, अहो हे काय. तर त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "ताई, उतरायचा नंबर त्याचा लागला होता. त्यानं तो मला दिला. म्हणून मी माझ्या पोराच्या जन्माला हजर राहिलो." मग कौतुकानं सांगत बसला. तुमच्याकडे रीतच आहे म्हणे, ज्याचा खाली उतरायचा नंबर लागतो त्यानं तो दुसऱ्या अडलेल्याला द्यायला साहेबांची ना नसते. तू हे पहिल्यांदा केलेलं नाहीस, त्याच्या आधी एका आचाऱ्याला दिलास, त्याच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून. सगळी चौकी तुला देवमाणूस म्हणते. मी दारात उभी राहून ऐकत होते, हसत होते, मान हलवत होते. वरून हुकूम, असं तू मला लिहिलं होतंस.

मला राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. त्या दिवशी भाजी करपली, कपबशी फुटली, बिचाऱ्या खारूला उगाच दोन शब्द लागले. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय. पण मग राग ओसरला आणि मला तो शाळेतला तू आठवलास. निकालाच्या दिवशी तू शाळेकडे फिरकायचा नाहीस. मीच जायचे तुझा निकाल आणायला. तू रस्त्याच्या टोकाला गॅरेजमध्ये मोडक्या गाडीत लपून बसायचास. कागद बघितला नाही तोवर आपण नापास झालेलो नाही, असं तुझं गणित. आणि गंमत म्हणजे तू एकदाही नापास झाला नाहीस. मी काच वाजवून सांगायचे, पास, ये बाहेर, तरी तुला खरं वाटायला वेळ लागायचा. तुला गोळीची भीती वाटत नाही, बर्फाची वाटत नाही, पण खाली येऊन त्या खोलीत उभं राहायचं आणि मुलगी तुला की तिला हे कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं, याची भीती वाटते. कळतं मला. वर आहेस तोवर ती तुझीच आहे, कुणी हात लावू शकत नाही. पण तुझी म्हणजे किती तुझी? ती तुझ्या आवाजाला फोनवर 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलते. तुझ्या घोड्याचं नाव तिनं 'पार्सल' ठेवलंय. तो कायदा तुला येता येत नव्हतं म्हणून केलाय. येता येत असून न येण्यासाठी केलेला नाही. मला तरी तो तसा समजला.

अजून एक सांगायचं आहे आणि ते लिहायला हात रेटत नाही. मागच्या भेटीच्या शनिवारची गोष्ट. त्या खोलीत एक प्लास्टिकची घसरगुंडी आहे, तिची कड फुटलेली. खारूची आई खाली हात पसरून उभी होती, मी लांब दारापाशी, बाकावर. नियमाप्रमाणे मी तिथेच बसायचं असतं. खारू घसरली, कडेवर गुडघा फाटला, भळाभळा रक्त आलं. आई एका हाताच्या अंतरावर होती. पोर उठली, तिच्या बाजूनं पुढे निघाली, सगळी खोली ओलांडून धावत माझ्याकडे आली आणि माझ्या पोटात तोंड खुपसून रडली. आणि तिनं मला आत्या म्हटलं नाही, धाकट्या. 'आई' म्हणाली. आजवर कधी म्हणाली नव्हती. समोर ती बाई तशीच हात पसरून वाकलेली, वर्दीतली. तिनं हात हळूहळू खाली घेतले. मग पर्समधून रुमाल काढून माझ्याकडे दिला, गुडघ्याला बांधायला, आणि मला म्हणाली, "घट्ट बांधा ताई, तुम्हाला येतं." माझी मान वर होईना.

मान वर होईना ती लाजेनं, असं तुला वाटेल. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण मला आनंद झाला होता. इतका, की तो चेहऱ्यावर दिसेल म्हणून मी खाली बघत होते. परवा वकीलबाईंचा फोन आला, पुढची तारीख जवळ आलीय, नवा दाखला आणा. मी लगेच हो म्हटलं, तू दाखला पाठवशील हे गृहीतच. मग त्या मला धीर द्यायला म्हणाल्या, तुमचे भाऊ अजून दोनेक वर्षं वरच राहिले तर मुलगी जाणती होईल, मग न्यायाधीश तिलाच विचारतील आणि ती तुमचंच नाव घेईल, काळजीच नको. त्या दिवशी मी कामावर गाणं गुणगुणत होते, सिस्टरनी विचारलं सुद्धा, आज काय विशेष. काय सांगणार? तू खाली आलास तर ती तुझी होईल, नाहीतर तिच्या आईची. तुम्ही दोघं तिचे आईबाप आहात, आणि दोघंही वाईट नाही आहात. माझी ती फक्त तू येत नाहीस तोवर आहे. तेव्हा पुढचा नंबर लागेल तो कुणाला देऊ नकोस. मग समोरच्याची आई आजारी असो की बायको अडलेली असो. खाली ये, न्यायाधीशांसमोर उभा राहा आणि केस चालू करा म्हणून स्वतःच्या तोंडानं सांग. मला हे तारखेला उभं राहून सांगता येईल असं वाटलं होतं, पण माझा आता माझ्यावर भरवसा नाही. पोस्टमन येतो तेव्हा पूर्वी मी जिने उतरून खाली जायचे. गेले काही दिवस मी वरूनच बघते, आणि तू येतोयस असं पत्र त्याच्या हातात नसलं की मला बरं वाटतं. मी तुझी वाट बघायची थांबलेय, धाकट्या. म्हणून लवकर ये.

तुझीच,
ताई